गाजरगवत : एका आरोपाचा इतिहास

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, कीं गांवाच्या सीमेवर, रेल्वेच्या रुळांच्या दोहों बाजूंस, पडक्या भिंतींच्या आडोशाला आणि शहरांतील रिकाम्या भूखंडांवर एक वनस्पति मुकाट्यानें डोकें वर काढते. आरंभीं तिचीं पानें जमिनीशीं सपाट पसरतात व गाजराच्या पाल्यासारखीं दिसतात. पुढें महिना-दीड महिन्यांत दांडा वर येतो, त्याला फांद्या फुटतात आणि शेंड्याशेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांची उधळण होते. शेतकरी तिला गाजरगवत म्हणतात. कोठें चटकचांदणी म्हणतात. परंतु शहरांतून आणि खेड्यांतून सारखेंच प्रसिद्ध झालें तें 'काँग्रेस गवत' हें नांव. वनस्पतींना नांवें सामान्यतः रूपावरून, गंधावरून किंवा गुणावरून पडतात. हें नांव मात्र एका आरोपावरून पडलें आहे. आणि आरोपावरून पडलेलें नांव म्हणजे एक प्रकारचें निकालपत्रच होय. साक्षीपुरावा होण्यापूर्वींच लागलेला हा निकाल कितपत न्यायाचा आहे, हें पाहणें इतिहासाचें काम आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेणें इष्ट. नांवांत गवत असलें तरी ही वनस्पति गवत नव्हे. गहूं, ज्वारी, ऊंस, बांबू हीं गवताच्या कुलांतलीं. गाजरगवत तें सूर्यफुलाच्या कुलांतलें. या कुलाची खूण अशी, कीं जें एक फूल म्हणून डोळ्यांस दिसतें, तें वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचें संमेलन असतें. गाजरगवताचें पांढरें फूल ज्वारीच्या दाण्याएवढें. पण तें नीट निरखून पाहिलें तर त्याच्या कडेस पांच किरणफुलें आढळतात. चटकचांदणी हें नांव ज्यानें कोणी दिलें, त्याची नजर चांगली असली पाहिजे. या पांच किरणफुलांपासून पांच बिया होतात. पांच ही संख्या लहान खरी, परंतु भरदार झाडावर अशीं फुलें हजारोंनीं येतात; त्यामुळें एका झाडापासून १५ ते २५ हजारांपर्यंत बिया तयार होऊं शकतात. बीं इतकें हलकें व बारीक, कीं तें वाऱ्यानें उडतें, ओढ्याच्या पाण्यानें वाहतें, बैलाच्या खुरांना आणि मोटारीच्या चाकांना लागलेल्या चिखलांतून कोसच्या कोस प्रवास करतें. मातींत पुरलें गेलें तर कित्येक वर्षें जिवंत राहतें. ओल मिळाली कीं तें उगवतें. त्यास पावसाळाच लागतो असें नाहीं.

याच कुलांतली आणखी एक वनस्पति प्रत्येक मराठी घराच्या दारीं सन्मानानें येते. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू हा सूर्यफुलाच्याच कुलांतला, आणि त्याचें मूळ स्थान मेक्सिको, म्हणजे गाजरगवताच्या माहेरचाच मुलूख. ज्याचा रस जखमेवर पिळतात तो दगडी पालाहि अमेरिकेंतूनच आलेला, व त्याच कुलांतला. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ यांची कुलें निराळीं, पण माहेर तेंच. तेव्हां परदेशांतून येणें हा स्वतः कांहीं गुन्हा नव्हे. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांतून परदेशी वनस्पति काढून टाकल्या तर ताटांत फारसें कांहीं उरणार नाहीं. गाजरगवतावरील आरोप वेगळा आहे. तें बोलावल्यावांचून आलें, गव्हाच्या पोत्यांत लपून आलें आणि तें पोतें मागविणाऱ्यांनीं तें आणलें, असा तो आरोप आहे.

या वनस्पतीचें जन्मस्थान मेक्सिकोच्या आखाताभोंवतालचा प्रदेश, वेस्ट इंडीज बेटें आणि दक्षिण अमेरिकेचा कांहीं भाग. स्वीडनचा सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत तिला 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' हें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील पहिल्या पदाचें मूळ ग्रीक भाषेंतील कुमारिका या अर्थाच्या शब्दांत आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या तिच्या मूळ प्रदेशांत तिला 'कडू केरसुणी' अशा अर्थाचें नांव आहे, आणि या घरगुती नांवावरून तिकडे तिचा फारसा धाक नसावा असें वाटतें. त्याचें कारणहि आहे. तेथें तिचीं पानें खाणारे किडे आहेत, दांड्यांत गांठी करणारे पतंग आहेत, पानांवर पडणारा तांबेरा आहे, आणि तिच्याशीं जागेसाठीं झगडणाऱ्या इतर वनस्पति आहेत. हे सर्व शत्रू मागें ठेवून एकटें बीं समुद्र ओलांडून आलें, हीच पुढील सर्व अनर्थाची सुरुवात.

आतां फिर्यादीचें म्हणणें ऐकूं. दुसऱ्या महायुद्धानंतरचीं वर्षें हीं भारताच्या दृष्टीनें धान्यटंचाईचीं होतीं. तिकडे अमेरिकेंत कोठारें भरून वाहत होतीं. १० जुलै १९५४ रोजीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं एका कायद्यावर सही केली. त्याचा अनुक्रमांक ४८० असल्यामुळें तो 'पी. एल. ४८०' या नांवानें जगभर ओळखला जाऊं लागला. या कायद्याप्रमाणें अमेरिकेचें शिल्लक धान्य घेणाऱ्या देशास डॉलरऐवजीं स्वतःच्या नाण्यांत किंमत देतां येई. भारतानें असा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजीं केला. त्याहून फार मोठा दुसरा करार ४ मे १९६० रोजीं झाला. त्यावर भारतातर्फे तेव्हांचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनीं सही केली, आणि त्या अन्वयें चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहूं व १० लाख टन तांदूळ येणार होता. पुढें १९६५ व १९६६ अशीं लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिला. १९६६ सालीं तर बाहेरून आणलेल्या धान्याचा आंकडा एक कोटी टनांच्या वर गेला. बंदरांत बोट लागली, तरच रेशनच्या दुकानांत धान्य, अशी ती अवस्था होती.

ज्यांनीं ते दिवस काढले, त्यांच्या आठवणींत तो तांबूस गहूं, त्याची वातड पोळी आणि दुकानापुढील लांबच लांब रांग हीं कायमचीं राहिलीं. पिकविणाऱ्या देशानें दुसऱ्याच्या दारीं पदर पसरावा, याची सल मोठी होती. १९७२ च्या दुष्काळांत मिलो नांवाची लाल ज्वारी घरोघर आली, तेव्हां ती सल पुन्हां ताजी झाली. नेमक्या याच वर्षांत हें पांढऱ्या फुलांचें तण गांवोगांव दिसूं लागलें. दोन गोष्टी एकाच वेळीं डोळ्यांपुढें आल्या, आणि लोकांनीं त्यांची सांगड घातली. गहूं अमेरिकेचा, तणहि अमेरिकेचें. गहूं आणणारें सरकार काँग्रेसचें, म्हणून तणहि काँग्रेसचें. कांहीं लोक निराळीच उपपत्ति सांगतात: शेतभर डोलणारीं तीं पांढरीं डोकीं गांधी टोप्या घातलेल्या सभेसारखीं दिसतात, म्हणून तें नांव पडलें. उपपत्ति कोणतीहि घेतली, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. हें नांव वनस्पतिशास्त्रानें दिलेलें नाहीं. तें भुकेच्या दिवसांतल्या मानहानीनें दिलेलें आहे. म्हणूनच तें इतकें चिवट ठरलें.

आतां पुरावा पाहूं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५४ व्या खंडांत, १९५६ सालीं, आर्. एस्. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांचें एक छोटेंसें टिपण प्रसिद्ध झालें. पुण्यांत १९५५ सालीं आढळलेल्या या वनस्पतीची नोंद 'भारतांतील नवी नोंद' म्हणून त्यांनीं त्यांत केली. गाजरगवताच्या भारतीय इतिहासाचें हें पहिलें सुप्रसिद्ध पान होय, आणि तें पुण्यांत लिहिलें गेलें. पुढील ग्रंथकारांनीं असेंहि नमूद केलें आहे, कीं त्याच्याहि आधीं, १९५१ सालीं, प्रा. परांजपे यांना पुण्यांतील उकिरड्यांवर याचीं तुरळक रोपें दिसलीं होतीं. आतां तारखा एकापुढें एक मांडल्या, तर काय दिसतें? उकिरड्यावरील रोपें १९५१, पुण्यांतील नमुना १९५५, आणि पी. एल. ४८० खालील पहिला करार ऑगस्ट १९५६. आरोपी घटनास्थळीं पोंचण्यापूर्वींच गुन्हा घडून गेलेला! करार होण्याआधीं त्या कराराचा गहूं आला नाहीं, आणि गहूं येण्याआधीं त्यांतलें बीं पुण्याच्या उकिरड्यावर रुजलें नाहीं, हें समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं.

फिर्यादीचा वकील हुशार असेल, तर तो येथें उठून उभा राहील आणि म्हणेल, "अमेरिकेचा गहूं कांहीं पी. एल. ४८० पासूनच येऊं लागला असें नाहीं." त्याचें म्हणणें खरें आहे. १९५१ च्या जून महिन्यांत अध्यक्ष ट्रूमन यांनीं भारतास धान्यासाठीं १९ कोटी डॉलरचें कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली होती, आणि त्यांतून सुमारें २० लाख टन धान्य यावयाचें होतें. तेव्हां परदेशी धान्याबरोबर हें बीं येणें अशक्य होतें, असें कोणी म्हणूं नये. कोणत्याहि परदेशी धान्याच्या पोत्यांत तणाचें बीं येऊं शकतें. पुढेंहि तें वारंवार आलें असण्याचा संभव आहे. परंतु 'येऊं शकतें' आणि 'आलें' या दोन वाक्यांमध्यें जें अंतर आहे, तेंच अंतर तर्क आणि इतिहास यांमध्यें आहे.

शिवाय पुरावा आणखी मागें जातो. देहरादून येथील वनसंशोधन संस्थेच्या शुष्क वनस्पतींच्या संग्रहांत या वनस्पतीचा १८८० सालचा एक नमुना असल्याचें अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. तो ब्रँडिस यांच्या नांवावर आहे. हे ब्रँडिस म्हणजे भारतांतील पहिले मुख्य वनाधिकारी. त्याहूनहि मागें, १८१४ सालीं, कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांतील झाडांची रॉक्सबर्ग यांनीं केलेली यादी छापली गेली, आणि तींतहि हें नांव असल्याचें अलीकडे निदर्शनास आणलें गेलें आहे. ती यादी श्रीरामपूरच्या छापखान्यांतून विल्यम केरी यांनीं प्रसिद्ध केली. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं छापणारे ते हेच केरी. म्हणजे ज्या छापखान्यांत मराठीचें व्याकरण तयार झालें, त्याच छापखान्यांत या तणाच्या भारतांतील वास्तव्याचा दाखलाहि छापला गेला. अर्थात् बागेंत लावलेलें झाड आणि रानोमाळ माजलेलें तण या दोन गोष्टी एक नव्हेत. कलकत्त्याच्या बागेंतलें रोप हेंच पुण्याच्या उकिरड्यावरील रोपाचें पूर्वज होतें, असें या दाखल्यांवरून म्हणतां येत नाहीं. परंतु भारतभूमीवर या वनस्पतीचें पाऊल प्रथम पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर पडलें, हें मात्र यापुढें कोणास म्हणतां येणार नाहीं.

या ठिकाणीं दुसऱ्या एका देशाची साक्ष फार मोलाची आहे. ऑस्ट्रेलिया हा गहूं विकणारा देश. त्यानें अमेरिकेपुढें धान्यासाठीं कधीं हात पसरला नाहीं. तरीहि तेथील क्वीन्सलंड प्रांतांत, टूगूलावा या गांवाजवळ, हीच वनस्पति १९५५ सालीं, म्हणजे पुण्यांतील नमुन्याच्याच वर्षीं, नोंदविली गेली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेहून आलेल्या विमानांच्या यंत्रसामग्रीबरोबर तिचें बीं आलें असावें, असें तिकडील लोक मानतात. त्यानंतर कांहीं वर्षांत क्लेरमाँट गांवाच्या परिसरांत ती दुसऱ्यांदा आली. या वेळीं ती टेक्ससहून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियांत मिसळून आली, आणि खरा धुमाकूळ घातला तो या दुसऱ्या आगमनानें. आफ्रिकेंत इथिओपियामध्यें तिच्या आगमनाचा संबंध कोणी मदतीच्या धान्याशीं जोडतात, तर कोणी १९७० नंतरच्या दशकांतील युद्धाच्या वाहनांशीं. युद्ध, व्यापार, दान, शेती—माणसानें माणसाकडे जाण्याचा जो जो मार्ग काढला, त्या त्या मार्गानें हें बीं चाललें. गव्हाचें पोतें हा त्यांतला एक मार्ग, एकमेव नव्हे.

तथापि या सर्व छाननीचा शेवट कोणाला तरी निर्दोष सोडण्यांत व्हावा, असा हेतु नाहीं. खरें महत्त्व आहे तें निराळ्याच गोष्टीस. 'हें कोठून आलें?' हा एक प्रश्न. आणि 'हें एवढें माजलें कां?' हा दुसरा प्रश्न. आपल्या समाजानें पहिला प्रश्न पन्नास-साठ वर्षें मोठ्या आवडीनें चघळला, कारण त्याच्या उत्तरांत दोष दुसऱ्याकडे जातो. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र आपल्याच अंगणांत येऊन थांबतें, आणि म्हणून तो फारसा विचारला गेला नाहीं.

हें तण दाट गवतांत सहसा शिरत नाहीं. जेथें जमिनीवर सकस गवताचें आच्छादन आहे, तेथें त्याच्या रोपास ऊन मिळत नाहीं व जागाहि मिळत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील पशुपालकांचा अनुभव असा, कीं ज्या कुरणावर माफक गुरें चरलीं तें टिकलें, आणि ज्यावर बेसुमार चरलीं तें या तणानें बळकावलें. महाराष्ट्रांत पाहिलें तर गायरानें चरून चरून उघडीं पडलीं. रस्ते, कालवे, लोहमार्ग यांसाठीं माती खणली गेली आणि तशीच ढिगानें पडून राहिली. शहरें वाढलीं, भूखंड विकत घेऊन वर्षानुवर्षें रिकामे ठेवण्याची रीत पडली. मुरूम, वाळू आणि खत यांच्या गाड्या एका गांवाची माती दुसऱ्या गांवास नेऊं लागल्या. उकरलेल्या, निराधार मातीवर सर्वांच्या आधीं उगवणारी वनस्पति ती हीच. तिला शत्रू नव्हते, गुरें तिला तोंड लावीत नव्हतीं, आणि रिकामी जमीन माणूस रोज नवी तयार करून देत होता. बीं कोणी आणलें हें क्षणभर बाजूस ठेवलें, तरी त्याला शेत तयार करून दिलें तें कोणीं, याविषयीं संशयास जागा नाहीं. भारतांत सुमारें साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर या तणाचा संचार असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढा विस्तार कांहीं मूठभर पोत्यांनीं होत नसतो.

या विस्ताराची किंमत कोणीं मोजली, हेंहि सांगितलें पाहिजे. १९६० नंतरच्या वर्षांत पुण्याच्या डॉक्टरांकडे त्वचेच्या एका विचित्र विकाराचे रोगी येऊं लागले. चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची खोबण या भागांवर प्रथम खाज सुटे, मग कातडी जाड व काळवंडलेली होई, तिला भेगा पडत. कपड्यानें झांकलेला भाग पुष्कळदां बरा, आणि उघडा भाग बाधलेला. म्हणजे कारण हवेंतून येत होतें. डॉ. लोणकर यांनीं मिशेल व कॅलनन या परदेशी त्वचारोगतज्ज्ञांसह १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळें या विकाराचा आणि गाजरगवताचा संबंध वैद्यकीय जगापुढें ठळकपणें मांडला गेला. या वनस्पतीच्या अंगावरील सूक्ष्म लवेंत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्याबरोबर उडते, ती घामेजलेल्या कातडीवर बसते, आणि ज्याच्या शरीरास तें द्रव्य एकदां सोसेनासें झालें, त्याला तें पुढें जन्मभर सोसत नाहीं. कित्येकांना परागामुळें शिंका व दमा यांचाहि त्रास होतो.

हा रोग शेतांत राबणाऱ्यास होतो, रस्ते झाडणाऱ्यास होतो, उघड्या हातांनीं खुरपणी करणाऱ्या बाईस होतो. डॉक्टर सांगतो, 'त्या झाडाजवळ जाऊं नका.' ज्याचें पोट त्याच झाडांच्या राईंत उभें राहून भरावयाचें, त्यानें हा सल्ला कसा पाळावा? शहरांत राहणाऱ्या सुखवस्तु गृहस्थास गाजरगवत म्हणजे दृष्टीस न रुचणारा एक पसारा. मजुराला तो रोजगार कीं कातडी असा सवाल आहे. गुरांचीहि तीच गत. सहसा तीं याच्या वाटेस जात नाहींत; पण चाऱ्याची टंचाई पडली आणि तें पोटांत गेलें, तर गाईच्या दुधास कडवटपणा येतो, फार गेलें तर जनावर आजारी पडतें. पिकांतहि हें तण आपल्या मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून अशीं द्रव्यें सोडतें, कीं शेजारच्या रोपांची उगवण खुंटते.

उपायांचा इतिहासहि बोधप्रद आहे. कर्नाटकानें १९७५ सालीं या वनस्पतीस कायद्यानें उपद्रवी तण ठरविलें. परंतु कायद्याचा कागद वाचून कोणतेंहि तण सुकत नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञांनीं विचार केला, कीं तणाचे शत्रू त्याच्या माहेरीं आहेत, तर त्यांतलाच एखादा येथें आणावा. बंगलोरजवळील भारतीय फळबाग संशोधन संस्थेनें १९८३ सालीं मेक्सिकोहून एक लहानसा भुंगेरा आणला. पिवळसर पाठीवर तपकिरी नक्षी, लांबी जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी. हा भुंगेरा आणि त्याच्या अळ्या दोघेहि गाजरगवताचीं पानें खातात; थंडी पडली कीं तो मातींत शिरून निजतो आणि पुढल्या पावसाळ्यांत वर येतो. इतर पिकांवर तो जगतो कीं नाहीं याची परीक्षा करून १९८४ सालीं त्यास मोकळा सोडण्यांत आलें. पहिलीं कांहीं वर्षें तो कोठें दिसेना. मग एकाएकीं त्याची संख्या वाढली, आणि बंगलोरच्या आसपास हिरव्या ताटव्यांचे नुसते दांडे उरले.

इतक्यांत नवाच वाद उपस्थित झाला. १९९० नंतर थोड्याच काळांत कर्नाटकांतील शेतकऱ्यांना हे भुंगेरे सूर्यफुलाच्या पिकावर दिसले. भय साहजिक होतें, कारण सूर्यफूल हें गाजरगवताचें सकुल्यच. सरकारनें चौकशीसाठीं समिति नेमली, आणि भुंगेरे सोडण्याचें काम थांबविण्यांत आलें. पुढें असें दिसून आलें, कीं गाजरगवत फस्त झाल्यावर, किंवा त्याचा पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडलेला असतां, हे किडे तीं पानें थोडींफार कुरतडतात. परंतु त्यावर पिढ्यान्पिढ्या नांदून पिकाचा नाश करीत नाहींत. निर्बंध उठला, आणि त्यानंतर हा भुंगेरा देशाच्या अनेक भागांत पसरला. येथेंहि जुनाच धडा पुन्हां मिळाला: दिसलें म्हणजे सिद्ध झालें असें नव्हे, आरोप लवकर होतो, छाननीस वेळ लागतो. तथापि त्या छाननीवांचून काम सुरू ठेवलें असतें, तर तेंहि चुकीचेंच ठरलें असतें.

भुंगेरा उपयोगी आहे, पण एकटा पुरेसा नाहीं. त्याला पाऊस हवा. आणि तो जागा होऊन वाढेपर्यंत तणाची पहिली पिढी बीं टाकून मोकळी झालेली असते. कोठें कोठें तरोट्याच्या जातीचीं झाडें लावून तणाची जागा अडविण्याचा प्रयोग झाला. तोहि कांहीं अंशीं सफळ झाला. रासायनिक औषधें आहेत. पण सार्वजनिक जागेवर त्यांचा खर्च कोणीं करावयाचा, हा प्रश्न उरतोच. फिरून फिरून सर्व अनुभवी लोक एकाच साध्या उपायाशीं येतात: पावसाची ओल असतांना, फूल येण्यापूर्वीं, हातांत मोजे घालून व अंग झांकून, झाड मुळासकट उपटावें. नुसतें कापलें तर तें बुडख्यापासून पुन्हां फुटतें. फुलावर येण्यापूर्वीं उपटलेल्या झाडांचें उत्तम खतहि होतें. फुलावर आलेलें झाड खतांत टाकलें, तर तेंच खत पुढल्या वर्षाचें बियाणें होतें. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकारानें दर वर्षीं १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा या कामाच्या जागृतीसाठीं पाळला जातो. तो आठवडा निवडण्यांतलें मर्म हेंच, कीं त्यानंतर उशीर होतो.

एकाच गल्लींतल्या दहा घरांपैकीं नऊ घरांनीं आपलें अंगण साफ केलें व दहाव्या घराच्या मालकानें केलें नाहीं, तर नऊ घरांचे श्रम वाऱ्यावर जातात. आपल्या सामाजिक संवयीची कसोटी पाहणारी याहून नेटकी वनस्पति शोधून सांपडणार नाहीं. इतिहास या बाबतींत इतकेंच सांगतो: या तणाचा पहिला दाखला पी. एल. ४८० च्या पुष्कळ आधींचा आहे. परदेशी धान्यानें पुढें त्याच्या प्रसारास हातभार लावला असणें शक्य आहे. परंतु त्याला देशभर पसरविलें तें उघड्या टाकलेल्या जमिनीनें आणि 'हें माझें काम नव्हे' या वृत्तीनें. ज्या नांवानें दोष दुसऱ्यावर ढकलला, त्याच नांवानें कर्तव्याचाहि विसर पाडला. काँग्रेस गवत म्हटलें, कीं तें उपटण्याची जबाबदारी कोण्या दूरच्या सरकारची वाटते. गाजरगवत म्हटलें, कीं तें आपल्या कुंपणांतलें एक झाड होतें. फूल धरण्यास त्याला चार-सहा आठवडे लागतात. तेवढी मुदत प्रत्येक पावसाळ्यांत प्रत्येकाच्या हातीं असते.